पायांची आग, ‘नव्या गोळी’ची बातमी आणि गोंदियाचा रुग्ण

तळपायांची आग होते, रात्री चादर पायावर सहन होत नाही, पाय पाण्यात बुडवून बसावेसे वाटते. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक रुग्णांना घरी आधीच एक उत्तर मिळालेले असते: ‘अंगात उष्णता वाढली.’ मग काशाच्या वाटीने तळपाय घासले जातात, सब्जा-गुलकंद सुरू होतो, मेंदी लावली जाते. त्यानेही थांबले नाही की औषधाच्या दुकानातून ‘नसांची गोळी’ येते. अलीकडे यात आणखी एक गोष्ट भर घालते आहे. ती म्हणजे मोबाइलवर फिरणारी बातमी की अमेरिकेत नसांच्या दुखण्यावर अगदी नवे, सवय न लावणारे औषध आले आहे.

ती बातमी खोटी नाही. पण ती वाचून गोंदिया, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या कुटुंबाने काय करायचे, हे त्या बातमीत लिहिलेले नसते. हा लेख त्यासाठी आहे.

थोडक्यात

- नसांची आग हे लक्षण आहे, आजार नाही. एकाच प्रकारच्या आगीमागे वेगवेगळे आजार असतात आणि त्यांची औषधेही वेगळी असतात.
- २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले नवे औषध अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी आहे. वर्षानुवर्षे होणाऱ्या आगीसाठी त्याला मंजुरी नाही.
- काही दुर्मीळ आजारांत नेमके औषध आजही उपलब्ध आहे, फक्त आजार ओळखला जायला हवा.
- पूर्व विदर्भात नसेच्या आगीमागे कुष्ठरोग नाही ना, हे आधी पाहावे लागते. तिथे उशीर झाला तर हात किंवा पाय कायमचा लुळा पडू शकतो.

बातमी नेमकी काय आहे?

३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने सुझेट्रिजिन नावाच्या गोळीला परवानगी दिली. बाजारात तिचे नाव जर्नाव्हॅक्स असे आहे. परवानगी प्रौढांमधील मध्यम ते तीव्र, पण अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी आहे, उदाहरणार्थ शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे.

हिचे महत्त्व कशात? आपल्या नसांमध्ये सोडियमचे क्षार आत-बाहेर सोडणारी सूक्ष्म दारे असतात. दार उघडले की नसेतून विजेसारखा संदेश धावतो आणि मेंदूला ‘दुखते आहे’ असे कळते. या दारांचे अनेक प्रकार आहेत. सुझेट्रिजिन त्यातले १.८ क्रमांकाचे दार बंद करते. हे दार मुख्यतः दुखणे वाहून नेणाऱ्या बाहेरच्या नसांमध्ये असते, मेंदूत नाही. म्हणून अफूपासून बनणाऱ्या औषधांसारखी गुंगी आणि व्यसन यांचा धोका या गोळीत दिसत नाही. नव्या पद्धतीने काम करणारे दुखण्याचे औषध अनेक वर्षांनी आले, त्यामुळे त्याची चर्चा होणे साहजिक आहे.

आता दुसरी बाजू. मंजुरीसाठी झालेल्या चाचण्यांत पोटाची आणि पायाच्या अंगठ्याजवळच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण होते. औषधाचा काही दिवसांतला परिणाम त्यांच्यात मोजला गेला. कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या जुन्या दुखण्यावर हेच औषध वापरून पाहिले, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालांत औषध घेणाऱ्यांचे दुखणे कमी झाले, पण औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचेही जवळपास तेवढेच कमी झाले. मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या दुखण्यात सुरुवातीचे निकाल बरे आले आणि त्यावर मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. अमेरिकेत एका गोळीची किंमत साडेपंधरा डॉलर ठेवली गेली आणि दिवसातून दोन गोळ्या लागतात.

म्हणजे ज्या रुग्णाला तीन वर्षांपासून पायांची आग होते, त्याच्यासाठी हे औषध आज उत्तर नाही. ते मिळवण्यासाठी ओळखीतल्या कुणाला परदेशातून आणायला सांगणे, किंवा ऑनलाइन त्याच नावाने विकली जाणारी कुठलीही गोळी घेणे, दोन्ही टाळा. आणि ‘नवे औषध येईपर्यंत थांबू’ असा विचार तर अजिबात करू नका. त्याचे कारण पुढे येते आहे.

ही वाट कुठून सुरू झाली?

या संशोधनाचे मूळ एका दुर्मीळ आजारात आहे. त्याचे नाव एरिथ्रोमेलाल्जिया. अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८७८ मध्ये त्याला हे नाव दिले. यात पाय, कधी हात, अचानक लाल होतात, गरम लागतात आणि भाजल्यासारखी आग होते. उष्णता, चालणे, मोजे-बूट, रात्री पांघरूण यांनी आग वाढते आणि गारव्याने कमी होते.

२००४ मध्ये चिनी संशोधकांना या आजाराच्या काही कुटुंबांमध्ये एका जनुकात बिघाड सापडला. हे जनुक १.७ क्रमांकाचे सोडियम दार बनवते. दार जरा जास्तच सहज उघडते, म्हणून साध्या उबेनेही नस पेटते. त्यानंतर दोनच वर्षांनी पाकिस्तानातील काही कुटुंबांत याच्या नेमके उलट चित्र दिसले. तिथे हेच दार कामच करत नव्हते आणि त्या मुलांना कुठलेही दुखणे जाणवत नव्हते. त्यातला एक मुलगा निखाऱ्यांवरून चालण्याचे खेळ करत असे.

एकच दार, उघडे राहिले तर आग, बंद राहिले तर दुखण्याचा पत्ताच नाही. औषध कंपन्यांना ही दिशा मोठी वाटली. १.७ चे दार बंद करणारी अनेक औषधे तयार झाली, पण मोठ्या चाचण्यांत ती अपेक्षेला उतरली नाहीत. मग लक्ष १.८ कडे वळले आणि त्यातून सुझेट्रिजिन आले. म्हणजे ज्या दुर्मीळ रुग्णांमुळे ही वाट सापडली, त्यांच्यासाठी अजूनही खास मंजूर औषध नाही. तरीही त्यांच्या हाती काहीच नाही असे मात्र नाही.

दुर्मीळ आजार: आग सारखी, औषध वेगळे

पुढचे तीन आजार पाहा. तिघांतही रुग्ण ‘आग होते’ हेच सांगेल.

*१. रक्तपेशी वाढल्यामुळे होणारा एरिथ्रोमेलाल्जिया.* काही जणांच्या अस्थिमज्जेत प्लेटलेट किंवा लाल पेशी प्रमाणाबाहेर तयार होतात. प्लेटलेट बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि बोटे लाल होऊन जळतात. या प्रकारात साध्या ॲस्पिरिनच्या लहान मात्रेने बऱ्याचदा काही तासांत ते काही दिवसांत आराम पडतो. महिनोन्महिने नसांच्या गोळ्या घेऊन न थांबलेली आग अशी थांबते, तेव्हा रुग्णालाही नवल वाटते. इथे संशय घेण्यासाठी लागणारी पहिली तपासणी आहे रक्तपेशींची साधी गणना, म्हणजे सीबीसी. ती तालुक्याच्या ठिकाणीही होते. प्लेटलेट खूप वाढलेल्या दिसल्या तर पुढे जनुकीय तपासणी आणि रक्तविकारतज्ज्ञाचा सल्ला लागतो.

इथे एक इशारा महत्त्वाचा आहे. हे वाचून स्वतःहून ॲस्पिरिन सुरू करू नका. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण असतात. डेंग्यूत ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. जठरात व्रण असेल तरी धोका आहे. ताप असलेल्या लहान मुलांना तर ती देऊच नये.

*२. जन्मजात एरिथ्रोमेलाल्जिया.* हा बहुधा लहानपणी सुरू होतो आणि घरात आणखी कुणाला असू शकतो. यात ॲस्पिरिनचा फारसा उपयोग होत नाही. सोडियमची दारे आवळणारी जुनी औषधे वापरून पाहिली जातात. मेक्सिलेटिन हे मूळचे हृदयाच्या ठोक्यांसाठीचे औषध, तर कार्बामाझेपिन हे फिट्सचे. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की जनुकातील एका विशिष्ट बदलात कार्बामाझेपिन चांगले काम करते. त्यांनी आधी प्रयोगशाळेत तसा अंदाज बांधला आणि मग दोन रुग्णांत तो खरा ठरला. रुग्ण फक्त दोन होते, हे विसरू नये. पण जनुक पाहून औषध निवडणे शक्य आहे, हे त्यातून कळले. मेक्सिलेटिन तालुक्याच्या दुकानात सहज मिळणारे औषध नाही आणि ते सुरू करण्यापूर्वी हृदयाचा ईसीजी आवश्यक असतो. हे काम मोठ्या केंद्रातील मज्जासंस्थातज्ज्ञाचे आहे.

*३. फॅब्रीचा आजार.* शरीरातील एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, कमतरतेमुळे स्निग्ध पदार्थ पेशींत साठत जातो. सुरुवात बहुधा शाळेच्या वयात होते. ताप आला, ऊन लागले किंवा खेळून दमले की तळहात-तळपाय जळतात. घाम कमी येतो. बेंबीभोवती, कंबरेवर, मांड्यांवर बारीक गडद लाल ठिपके दिसू शकतात. पुढे मूत्रपिंड, हृदय आणि मेंदू यांना इजा होते. मुलांना त्रास जास्त होतो, पण मुलींनाही होतो.

गोंदियात याची एक वेगळी अडचण आहे. आपल्या भागात सिकलसेल आहे, त्यामुळे हातपाय दुखणाऱ्या मुलाची सिकलसेल तपासणी आधी होते आणि ती व्हायलाच हवी. पण ती निगेटिव्ह आली की पुष्कळदा ‘मूल कुरकुर करते’, ‘वाढीचे दुखणे आहे’ असे म्हणून विषय संपतो. दर तापात किंवा उन्हात तळहात-तळपाय जळत असतील आणि घाम येत नसेल, तर विषय संपलेला नाही. लघवीतील प्रथिने तपासा आणि बालरोगतज्ज्ञांना फॅब्रीबद्दल स्पष्ट विचारा. मुलांमध्ये रक्तातील विकराच्या तपासणीने निदान होते, मुलींमध्ये जनुकीय तपासणी लागते. फॅब्रीसाठी तो विकर दर दोन आठवड्यांनी शिरेतून देता येतो. आगीसाठी कार्बामाझेपिन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे सोबत चालतात.

तीन आजार आणि तीन वेगळे उपाय. एकाची सुरुवात साध्या रक्त तपासणीने होते आणि उपचार स्वस्त गोळीने. दुसऱ्याचा उपचार लाखांत जातो. कोणता आजार आहे हे न ठरवता तिघांनाही एकच ‘नसांची गोळी’ दिली तर तिघांचेही नुकसान होते.

गोंदियात आधी कशाचा विचार करायचा?

दुर्मीळ आजारांबद्दल वाचले की आपल्यालाही तेच असेल असे वाटू लागते. प्रत्यक्षात पायांच्या आगीची नेहमीची कारणे म्हणजे मधुमेह, दारू, बी-१२ ची कमतरता, मूत्रपिंडाचे आजार, थायरॉइड आणि काही औषधांचे दुष्परिणाम, त्यात क्षयरोगाची काही औषधेही येतात. पण गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आणखी एक कारण आहे आणि ते कधीही नजरेआड करता येत नाही: कुष्ठरोग.

डिसेंबर २००५ मध्ये देशाच्या सरासरी पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि ‘कुष्ठरोग संपला’ असा अनेकांचा समज झाला. तो संपलेला नाही. पूर्व विदर्भात नवे रुग्ण आजही सापडतात. २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने कुष्ठरोग हा नोंद बंधनकारक असलेला आजार म्हणून जाहीर केला. खासगी डॉक्टरांनीही निदान झाल्यावर दोन आठवड्यांत आरोग्य विभागाला कळवायचे आहे. रुग्णाला पकडून नेण्यासाठी ही नोंद नाही. त्याला मोफत औषध मिळावे आणि घरच्यांची तपासणी व्हावी, हा तिचा हेतू आहे.

कुष्ठरोगाचा जंतू त्वचेइतकाच नसांवर हल्ला करतो. कधी उपचारापूर्वी, कधी उपचार चालू असताना, तर कधी उपचार पूर्ण झाल्यानंतरही नसेला अचानक सूज येते. त्या वेळी कोपरामागून करंगळीकडे, किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पायाकडे जळत्या तारेसारखी कळ जाते. काही रुग्णांत त्वचेवर एकही चट्टा नसतो, फक्त नस जाड आणि दुखरी झालेली असते.

अशा सुजेवर उपचार आहे आणि तो जुना, स्वस्त आहे: डॉक्टरांच्या देखरेखीत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड काही आठवडे, हळूहळू मात्रा कमी करत. नसेचे काम बिघडल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते सुरू झाले तर संवेदना आणि ताकद परत येण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती घटत जाते. स्टेरॉइड देण्याआधी साखर, रक्तदाब, क्षयरोग आणि पोटातील जंत यांचा विचार करावा लागतो, म्हणून तेही दुकानातून आणून घ्यायचे नाही.

खरा धोका इथे आहे. समजा, धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याच्या पायाची आग सुरू झाली. त्याने दुकानातून प्रीगाबालिन आणि जीवनसत्त्व असलेली कॅप्सूल घेतली. कळ कमी झाली, झोप लागली, बांधीतले काम उरकले. आतली सूज मात्र तशीच राहिली. चार-सहा महिन्यांनी चालताना चप्पल पायातून निसटू लागली, पाऊल उचलेना, चिखलात काटा रुतला तरी कळेना. दुखणे थांबले होते, पण नस मरत होती. अशा रुग्णाला अमेरिकेतल्या कुठल्याही नव्या गोळीची गरज नव्हती. पहिल्या महिन्यात कुणीतरी कोपर-गुडघ्याजवळची नस चाचपून पाहायला हवी होती, एवढेच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कुष्ठरोगाचा उपचार पूर्ण होऊन वर्षे लोटली, नसेला सूज नाही, नवी अशक्तता नाही, तरी आग राहते, असेही होते. तिथे पुन्हा पुन्हा स्टेरॉइड देण्यात अर्थ नसतो. इजा झालेल्या नसेचे ते दुखणे असते आणि त्यावर पुढे दिलेली नेहमीची औषधेच लागतात. या दोन स्थितींतला फरक डॉक्टर तपासूनच ठरवतात.

नेहमीची औषधे: कोणते, किती, किती दिवस?

नसांच्या दुखण्यावरील औषधांचा जगभरातील चाचण्यांचा मोठा आढावा २०२५ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात पहिल्या पसंतीला तीन गट ठेवले आहेत.

- ॲमिट्रिप्टिलिनचा गट: सुमारे ५ रुग्णांना दिले तर त्यातील १ जणाला औषधामुळे निम्म्याहून अधिक आराम पडतो.
- ड्युलॉक्सेटिनचा गट: हेच प्रमाण सुमारे ७ रुग्णांमागे १.
- प्रीगाबालिन, गॅबापेंटिन: सुमारे ९ रुग्णांमागे १.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. पहिली, कोणतेही औषध सगळ्यांना लागू पडत नाही. एक लागू पडले नाही म्हणजे ‘माझ्यावर इलाजच नाही’ असे नव्हे, दुसऱ्या गटाकडे जायचे. दुसरी, सर्वात जुने आणि स्वस्त असलेले ॲमिट्रिप्टिलिन या यादीत मागे नाही. ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. महागडी पट्टी म्हणजे गुणकारी औषध, हे समीकरण इथे जुळत नाही.

हे आकडे मुख्यतः मधुमेह, नागीण अशा नेहमीच्या आजारांतील रुग्णांचे आहेत. दुर्मीळ आजारांत रुग्ण थोडे असल्याने मोठ्या चाचण्या होत नाहीत आणि डॉक्टर हीच औषधे अनुभवाने, एकेक करून वापरतात.

औषध ‘लागू पडले नाही’ असे ठरवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. मात्रा पुरेशी वाढवली होती का? ती मात्रा निदान चार ते सहा आठवडे घेतली का? मधले दिवस चुकवले का? बऱ्याच रुग्णांनी चार औषधे ‘करून पाहिलेली’ असतात आणि प्रत्येक जेमतेम आठ दिवस घेतलेले असते.

दुष्परिणामांची मुख्य माहिती अशी:

- ॲमिट्रिप्टिलिन रात्री घ्यायचे. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते, झोप येते. हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगा. हे मुळात नैराश्याचे औषध आहे. दुकानदाराने ‘ही तर मानसिक आजाराची गोळी’ म्हटले म्हणून घाबरून सोडू नका.
- प्रीगाबालिन, गॅबापेंटिन यांनी चक्कर, गुंगी, पायांवर सूज आणि वजनवाढ होऊ शकते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. दारूसोबत घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. एकदम बंद करू नका.
- ड्युलॉक्सेटिन ने सुरुवातीला मळमळ होते. रक्तदाब आणि यकृत यांच्यावर लक्ष ठेवावे लागते.
- कार्बामाझेपिन घेताना अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ही प्रतिक्रिया क्वचित होते, पण जीवघेणी ठरू शकते.

प्रीगाबालिनवर लक्ष का ठेवले जाते आहे?

गेल्या काही वर्षांत पंजाबमधील काही जिल्हा प्रशासनांनी ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या प्रीगाबालिन कॅप्सूलच्या विक्रीवर बंदीचे आदेश काढले, कारण नशेसाठी तिचा वापर वाढला होता. ब्रिटनने १ एप्रिल २०१९ पासून प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिन दोन्ही नियंत्रित औषधांत घातली. भारतात ट्रामाडॉल हे दुखण्याचे औषध २०१८ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्याखाली आले.

खऱ्या रुग्णाने यातून दोन बोध घ्यावेत. एक, डॉक्टरांच्या चिठ्ठीने, ठरलेल्या मात्रेत, नियमित तपासणीसह घेतलेले औषध म्हणजे व्यसन नव्हे, त्यामुळे अपराधी वाटून घेऊ नका. दोन, चिठ्ठी जपून ठेवा, दर वेळी पावती घ्या आणि ‘मलाही पाय दुखतात, एक दे’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला आपली कॅप्सूल देऊ नका.

‘नसांच्या जीवनसत्त्वां’चे काय?

बी-१२ कमी असेल तर ते द्यायलाच हवे, त्याने नस सुधारते. कमतरता नसताना वर्षभर तीच गोळी घेतल्याने आग थांबत नाही. शिवाय अशा गोळ्यांत बी-६ असते. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच नसांना इजा होते आणि पाय बधिर होऊन जळू लागतात. एकाच वेळी दोन-तीन टॉनिक घेत असाल तर सगळ्या बाटल्या आणि पट्ट्या डॉक्टरांपुढे ठेवा.

खर्च आणि सोय

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. फॅब्रीसाठी वापरल्या जाणाऱ्या अगाल्सिडेज बीटा या विकरावरचा कर शून्य झाला. रोजच्या गोळ्यांत यामुळे थोडाच फरक पडतो. तिथे खरी बचत जनऔषधी केंद्रातील मूळ नावाच्या औषधांनी होते. विकराचा खर्च मात्र करमाफीनंतरही कुठल्याही सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात फॅब्रीचा समावेश आहे. ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. महाराष्ट्रात मुंबईचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे. उपचार जन्मभराचा आणि मदतीला मर्यादा, ही या धोरणातील उघडी राहिलेली जखम आहे. तरीही नोंदणी केल्याशिवाय दारच उघडत नाही, म्हणून निदान झाल्यावर नोंदणीला उशीर करू नका.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचे कवच कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ते मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कुष्ठरोगाची औषधे तर सर्वत्र मोफत आहेत.

कुठून सुरुवात करावी?

पहिले पाऊल मुंबईत टाकण्याची गरज नाही. रक्तगणना, साखर, मूत्रपिंड, थायरॉइड, लघवी आणि नसांची हाताने तपासणी ही सुरुवात ग्रामीण रुग्णालयात किंवा गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकते. त्यातून उत्तर मिळाले नाही तर नागपूरचे मज्जासंस्थातज्ज्ञ, आणि जनुकीय आजाराचा ठोस संशय असेल तरच मुंबई. अहवाल हातात घेऊन गेलात तर तिथला एक हेलपाटा वाचतो.

दवाखान्यात जाताना हे सोबत न्या:

- आग होत असतानाचा पायांचा मोबाइलवर काढलेला फोटो. एरिथ्रोमेलाल्जियात दोन झटक्यांच्या मध्ये पाय अगदी नेहमीसारखे दिसतात.
- आग कशाने वाढते, कशाने कमी होते, दिवसा की रात्री, याची आठवडाभराची नोंद.
- आजवर घेतलेल्या औषधांची नावे, मात्रा आणि प्रत्येक किती दिवस घेतले ते.
- घरात कुणाला असाच त्रास, कुष्ठरोग, कमी वयात मूत्रपिंड निकामी होणे किंवा पक्षाघात झाला असेल तर ती माहिती.

तोवर पाय बर्फात किंवा तासन्‌तास पाण्यात ठेवू नका. पंखा, उंचावर ठेवलेले पाय, थोडा वेळ साधे गार पाणी एवढे पुरे. बर्फाने त्वचा सोलून जखमा होतात, आणि बधिर पायाला ते कळतही नाही. काशाच्या वाटीने बरे वाटत असेल आणि त्वचा धड असेल तर हरकत नाही, पण तो उपचार समजून तपासणी पुढे ढकलू नका.

लगेच दाखवा, वाट पाहू नका:

- हाताची पकड सैल झाली, करंगळी वाकडी होऊ लागली, चप्पल निसटते, पाऊल उचलत नाही.
- कोपर, गुडघा किंवा घोट्याजवळची नस दाबली की जोरात कळ येते.
- त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आहे.
- बोटे निळी-काळी पडत आहेत किंवा न दुखणारी जखम झाली आहे.
- आग काही दिवसांतच पायांकडून वर चढते आहे, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला आहे.

नव्या औषधांच्या बातम्या यापुढेही येत राहतील आणि त्यातले एखादे खरोखर उपयोगी ठरेल. ते येईल तेव्हाही डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असेल की ही आग कशाची आहे. त्याचे उत्तर शोधायला आजच सुरुवात करता येते. घरातील कुणाच्या पायांची आग तीन आठवड्यांहून अधिक चालली असेल, तर पुढची पट्टी आणण्याआधी त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरांना नसा हाताने तपासून पाहायला सांगा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतेही औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.*